हिरवं रंगवलेलं लाल इंजिन

मी, खाली सही करणारी, वय सेहेचाळीस, कॉलेजच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत सहायक, गेली एकोणीस वर्षं याच दोन खोल्यांत राहणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि दिवसाउजेडी लिहून ठेवते. यापूर्वी असा कागद मी केलेला नाही. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. माझी बुद्धी शाबूत आहे.

हे शेवटचं वाक्य लिहून मी बराच वेळ थांबले, कारण स्वतःबद्दल असं स्वतःच कसं लिहायचं? शेवटी वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना जाऊन विचारलं.

"अहो, मी दातांची डॉक्टर. डोक्याचं मी काय सांगणार?" त्या म्हणाल्या.

"तुम्हाला वाटतं ते सांगा. मी तसंच लिहीन."

"मग लिहा. पित्ताशयातले खडे काढायला दोन दिवस दवाखान्यात जायचंय, त्याआधी जी बाई मृत्युपत्र करते, तिची बुद्धी गरजेपेक्षा जास्त शाबूत आहे."

त्यांचं मत इथे नोंदवलं आहे. सर्जनही म्हणतात की ऑपरेशन किरकोळ आहे. पण माझ्या हातून चुका होतात त्या किरकोळ कामातच, म्हणून हा कागद.

कलम १. या दोन खोल्या माझ्या भाचीला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या मुलीला द्याव्यात. खिडकीजवळचं टेबल हलवू नये अशी विनंती आहे, अट नाही. त्या टेबलावर सकाळी दहा ते साडेबारा असा उजेड पडतो की त्यात रंग खोटं बोलत नाही. तिला टेबल नकोच असेल तर विकावं, मी पाहायला येणार नाही.

कलम २. बँकेत जे असेल ते निम्मं भाचीला, निम्मं आमच्या प्रयोगशाळेला. प्रयोगशाळेने त्यातून नवे लोलक घ्यावेत. जुन्यांचे कोपरे विद्यार्थ्यांनी इतके उडवले आहेत की इंद्रधनुष्यात एक रंग कमी येतो.

कलम ३. माझ्या रोजनिशीच्या तेवीस वह्या जाळू नयेत, वाचूही नयेत. हे दोन्ही एकदम जमणं अवघड आहे याची मला कल्पना आहे. वाचल्याच तर ज्यांच्याबद्दल वाईट लिहिलंय त्यांनी पुढचं पान उलटावं. बहुधा तिथे मी माघार घेतलेली असते.

कलम ४. बाल्कनीतल्या सगळ्या कुंड्या वहिनीला, म्हणजे दादाच्या बायकोला. हत्यारांपैकी कानशी आणि छोटी करवत कोपऱ्यावरच्या लेथवाल्याला. त्याने माझ्या छोट्या मॉडेल-इंजिनाचं (त्याचं पुढे येईल) पितळी धुराडं तीनदा कातून दिलं आणि तिन्ही वेळा "ताई, हे नखाएवढं धुराडं ओढणार काय, उदबत्ती?" असं विचारलं. एअरब्रश भाचीला. दातांच्या डॉक्टरांनी टाकून दिलेली जी टोकदार अवजारं मी पत्र्यावर रिव्हेटचे ठिपके उमटवायला वापरली, ती त्यांची त्यांना साभार परत; ही देणगी नव्हे.

आमच्या मॉडेल बनवणाऱ्यांच्या मंडळाचे सचिव माझी रेघा आखायच्या पातळ टेपची रिळं घेऊन गेलेत, ती मात्र मागून आणावीत. "बाई असून हात स्थिर आहे हो तुमचा" असं ते चार माणसांत म्हणाले होते. रिळं मिळाली की त्यांना माझ्याकडून सांगावं, हात स्थिर असायला मिशा लागत नाहीत.

कलम ५. आता इंजिन. हे कलम लांबणार आहे.

आमचे बाबा बंदरावर डबे ओढणाऱ्या वाफेच्या छोट्या इंजिनाचे ड्रायव्हर होते. त्या इंजिनाला सगळे म्हातारी म्हणत. माझा जन्म झाला त्या सुमारास म्हातारीला काळा रंग दिला गेला, आणि मी दोन वर्षांची असताना ती भंगारात गेली. मी तिला पाहिल्याचं मला आठवत नाही. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. बाबा त्याला इंजिनावर उभा करून बंदराच्या टोकापर्यंत नेत. लहानपणी मला राग आला की तो एवढंच म्हणायचा, "तू म्हातारीवर बसली आहेस का?" आणि भांडण तिथेच संपायचं.

आठ वर्षांपूर्वी मी दुकानातून एक तयार मॉडेल घेतलं आणि त्याची म्हातारी करायला बसले. ते इंजिन दुसऱ्याच घराण्याचं होतं. त्याची केबिन कापली, बॉयलर दोन बोटं आखूड केला, वरचा घुमट मागे सरकवला. पातळ पत्र्यावर मागून टोचून दोनशे अठरा रिव्हेट उठवले. एक ओळ वाकडी गेली म्हणून पत्रा टाकून पुन्हा दोनशे अठरा. मला ते इंजिन बाबा नोकरीला लागले त्या काळातलं हवं होतं, काळं होण्याआधीचं. पण तेव्हा रंग कोणता होता?

माझ्याकडे पुरावा होता. बाबांनी नोकरीला लागल्यावर म्हातारीशेजारी उभं राहून काढलेला काळापांढरा फोटो आणि इंजिन बनवणाऱ्या कंपनीचं जुनं माहितीपत्रक. पत्रकात लिहिलं होतं की कंपनीची इंजिनं हिरवी असतात. फोटोत म्हातारी मागच्या झाडापेक्षाही गडद दिसत होती. मी निष्कर्ष काढला: गडद हिरवा.

दादा गाड्या रंगवतो. त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. मी इंजिनावर करडा प्रायमर मारून ठेवला होता त्या दिवशी तो आला आणि खिशातून एक छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. विटेसारखा लाल रंग होता. चार दिवस गॅरेजच्या कामातून वेळ काढून त्याने तो कालवला होता.

"हा घे. म्हातारीचा रंग. आणि कडेने पांढरी रेघ होती, बारीक."

"दादा, ती हिरवी होती."

"कोण म्हणतं?"

मी फोटो आणि पत्रक पुढे केलं. त्याने ते पाहिलं नाही.

"मी तिच्यावर हात टेकून उभा राहायचो गं. उन्हात चटका बसायचा."

"तू सहा वर्षांचा होतास. आठवण म्हणजे पुरावा नव्हे."

तेव्हा मंडळाचे दोघे इथे बसलेले होते. ते हसले. मी हसले नाही, पण त्यांना थांबवलंही नाही. दादा म्हणाला, "बरोबर आहे, शास्त्रज्ञीणबाई. तुझ्याकडे कागद आहेत. माझ्याकडे नुसते डोळे होते." त्याने बाटली परत खिशात घातली, चहा संपवला आणि गेला. चहा पूर्ण संपवला, कारण रागातही तो कप अर्धा ठेवत नाही. त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही लग्नाकार्यात भेटतो आणि हवेबद्दल बोलतो.

मी इंजिन हिरवं रंगवलं. सुरेख झालं, हे खोटी नम्रता न दाखवता लिहिते.

कलम ६. दोन वर्षांपूर्वी मी बाबांची लोखंडी हत्यारपेटी रंगवायला घेतली. ही पेटी म्हातारीवरची. ती भंगारात गेली तेव्हा बाबांना मिळाली. पेटी काळी आहे. पाणी लावून बारीक पॉलिशपेपरने एक कोपरा घासला, तर झाडाच्या खोडात दिसतात तशी वलयं निघाली. वर काळा, मग करडा, मग लाल, आणि लालाखाली थेट लोखंड. हिरवा कुठेच नव्हता. मी दुसरा कोपरा घासला, तिसरा घासला. तोच लाल, आणि कडेने एक बारीक रेघ.

मग मला फोटोचा उलगडा झाला. बंदरावरचा फोटोवाला स्वस्तातली जुनी फिल्म वापरायचा, आणि त्या फिल्मला लाल दिसत नसे. लाल वस्तू तीत जवळजवळ काळी उमटे. ही गोष्ट मी दरवर्षी प्रकाशाच्या प्रयोगाच्या दिवशी मुलांना फळ्यावर लिहून देते. एकोणीस वर्षं देते आहे.

त्या दिवसाच्या रोजनिशीत एकच ओळ आहे: "आज लाल निघाला." दादाला कळवलं नाही. आधी वाटलं, भेटून सांगावं. मग वाटलं, पत्र लिहावं. मग वाटलं, आता इतके दिवस गेले, तो विचारेल की इतके दिवस काय केलंस. आणि त्या विचारण्याला भिऊन आणखी दिवस घालवले. दोन वर्षं सहज गेली. आता सोमवारी ऑपरेशन आहे, आणि हे पोटात घेऊन मला त्या टेबलावर आडवं व्हायचं नाही. सर्जन खडे काढतील, हे काही काढणार नाहीत.

तरी मी लिहून देते की दादाचं खरं होतं आणि माझं चुकलं. हे इंजिन दादाला द्यावं. त्याने त्याचं हवं ते करावं. मात्र खरेपणासाठी हेही नोंदवते की पेटीवरची कडेची रेघ पिवळी आहे, त्याने सांगितली तशी पांढरी नाही. हे लिहू नये असं मला फार वाटलं, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

कलम ७. भिंतीवर "काळाशी इमान राखणारं मॉडेल, पहिला क्रमांक" असं प्रशस्तिपत्र आहे. ते मला लाल निघाल्यानंतर दोन महिन्यांनी मिळालं आणि मी मंचावर जाऊन ते घेतलं. ते मंडळाला परत पाठवावं, सोबत कलम ६ ची नक्कल जोडावी. चौकट माझी आहे, ती ठेवून घ्यावी.

कलम ८. या सगळ्याची अंमलबजावणी वहिनीने करावी, कारण त्या घरात तिचंच सगळे ऐकतात.

पुरवणी. आज शुक्रवार. आज सह्या व्हायच्या होत्या. दातांच्या डॉक्टर साक्षीदार म्हणून वेळेवर आल्या. दुसरा साक्षीदार लेथवाला (त्याची हत्यारं त्याला सहीआधीच हातात द्यायची ठरली होती), तो बाहेरगावी गेल्याचं दुकानाच्या कुलपावरून कळलं. आम्ही दोघी वाट पाहत बसलो असताना दार वाजलं. दादा होता; ऑपरेशनचं त्याला वहिनीने सांगितलं असणार. चपला न काढता उंबऱ्यातूनच म्हणाला, "सोमवारी दवाखान्यात कोण नेतंय तुला?"

"टॅक्सी."

"टॅक्सी म्हणे. सात वाजता तयार राहा." मग त्याला टेबलावरचे कागद दिसले. "हे काय?"

डॉक्टर म्हणाल्या, "मृत्युपत्र आहे. एक साक्षीदार कमी पडतोय. तुम्ही करता का सही?"

मी म्हटलं, तो साक्षीदार म्हणून चालणार नाही, आणि का चालणार नाही ते सांगायच्या ऐवजी कलम ५ आणि ६ त्याच्या हातात दिली. तोंडाने सांगायला मला जमलं नसतं. त्याने चष्मा लावला आणि उभ्याउभ्या वाचलं. तो सावकाश वाचतो. मी तेवढ्या वेळात हिरव्या इंजिनावरची नसलेली धूळ पुसली.

वाचून झाल्यावर तो एवढंच म्हणाला, "पेटी कुठाय?"

मी पेटी टेबलावर ठेवली. त्याने ती खिडकीकडे वळवली, अंगठा ओला करून कोपऱ्यावर फिरवला, आणि कितीतरी वेळ त्या लालाकडे पाहत राहिला. मग रेघेवर बोट ठेवून म्हणाला, "ही पांढरीच आहे."

"दादा, पिवळी आहे. दिसतेय की."

"वर वॉर्निश आहे गं. जुनं वॉर्निश पिवळं पडतं. काही टोकदार दे."

परत करायच्या अवजारांतलं एक डॉक्टरांनीच उचलून त्याला दिलं. त्याने रेघेवरून ते अलगद, एकदाच ओढलं. खालून पांढरं निघालं. डॉक्टर वाकून पाहत म्हणाल्या, "रोज हेच करते मी. पिवळं वरचंच असतं."

म्हणजे माझं दुसऱ्यांदा चुकलं, तेही मृत्युपत्रात. मला आधी रडू येईल असं वाटलं, पण हसू आलं, आणि दादाही हसायला लागला.

"दोन वर्षं गप्प बसलीस?"

"हो."

"मी सात वर्षं बसलो. आण तो कागद, कुठे करायची सही?"

मी त्याला कायदा समजावला. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार, त्याने साक्षीदार व्हायचं नसतं; झाला तर त्याचं आणि त्याच्या बायकोचं मिळणं रद्द होतं, मुलीचं होत नाही. इंजिन जाईल, वहिनीच्या कुंड्याही जातील.

"मग आजच दे की. तू मेल्यावर इंजिन घेऊन मी काय त्याच्यापुढे रडत बसू? कुंड्या गाडीत टाकतो." मग म्हणाला, "आणि हा हिरवा मी उतरवणार नाही. तू बरी झालीस की ये गॅरेजवर. उतरव तुझा तू. लाल मी देतो. ती बाटली केव्हाच वाळून दगड झाली, नवा कालवावा लागेल. रेघ तू ओढ, माझा हात आता हलतो."

त्यामुळे इंजिन आणि कुंड्या मी आज, हयातीत, राजीखुशीने दिल्या. त्यांच्यापुरती कलम ४ आणि ६ रद्द समजावीत. बाकी मजकूर तसाच राहील. कबुली खोडायची नाही.

एकच गोष्ट नवी लिहिते. हिरवा उतरवताना केबिनच्या तळाशी, उलटं धरल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, नखाएवढा हिरवा मी राहू देणार आहे. पुढे कधी कोणी तिथे घासलं तर त्याला लालाखाली हिरवा सापडेल. सापडू द्यावा. दादाला हे मान्य आहे. तो म्हणाला, "राहू दे. कोणीतरी पुन्हा भांडेल."

वरील सर्व मी वाचून पाहिलं, बरोबर आहे. निदान आज दुपारपर्यंत.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिल्या: वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टर (सही)

साक्षीदार दुसरा: लिहून देणारीचा थोरला भाऊ, गाड्या रंगवणारा. ज्याने इंजिन लाल पाहिलं. (सही, शेवटचं वाक्य त्याने स्वतः घातलं आहे.)

ठिकाण: खिडकीजवळचं टेबल

तारीख: ऑपरेशनच्या आधीचा शुक्रवार, सकाळचे अकरा, उजेड चांगला