फेस वाळायच्या आत

४ नोव्हें., मंगळवार
सकाळी चहा दिला तर बाबांचा हात कपाकडे न जाता हनुवटीवर गेला. खरखर. मग माझ्याकडे बघून, "कोण गेलं?"
"कोणी नाही बाबा. चहा घ्या."
"मंग दाढी काहून वाढली माही?"

काय सांगू. जन्मभर एसटीत ड्रायव्हर. पहाटेची गाडी असो नाहीतर मुक्कामाची, गुळगुळीत दाढी करूनच स्टेअरिंगवर बसायचे. तापाने फणफणले तरी दाढी चुकली नाही, असं सासूबाई सांगायच्या. वाढवायची ती फक्त सुतकात. त्यामुळे दाढी वाढली म्हणजे घरात कोणीतरी मेलं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. बाकी सगळं पुसलं गेलंय. जेवलो की नाही ते आठवत नाही, वार आठवत नाही. यंदा दिवाळी केली नाही तेही त्यांना कळलं नाही. दाढी मात्र कळते.

बाबांची दाढी करून देणारे पाहुणे परतून आठवडा झाला, माझा सं. जाऊन महिना होत आला. गॅरेजातच, कोणाच्या तरी ट्रॅक्टरखाली आडवा असताना छातीत कळ आली. बाबांना त्याच दिवशी सांगितलं. ऊर बडवून रडले. झोपले, उठले, आणि म्हणाले, "संज्या आला नाही अजून?" पुन्हा सांगितलं. पुन्हा तसंच, पहिल्यांदा ऐकल्यासारखं. बापाला दोनदा पोरगा गेला. तिसऱ्यांदा माझ्या तोंडून जाणार नाही. ठरलं.

त्यांच्या खोलीत शिरायच्या आधी टिकली लावते, मंगळसूत्र घालते. बाहेर आले की काढते. दिवसातून किती वेळा, ते मोजत नाही.

५ नोव्हें.
सलीमभाईंना घरी बोलावलं. चौकातलं त्यांचं दुकान, सं. तिथेच केस कापायचा. बिचारे लगेच आले. आज नुसतं गाल गुळगुळीत करून द्या म्हटलं. त्यांनी फेसाचा डबा काढला, फुस्स करून हातावर पांढरा गोळा घेतला आणि बाबांच्या गालाला लावला.
बाबांनी हातच धरला. "भिंतीले चुना लावून राह्यला का बे?"
"काकाजी, नवीन चीज है, मस्त है."
"संज्याले बोलव. तो करते माही दाढी."
सलीमभाई माझ्याकडे बघायला लागले आणि मी टॉवेलकडे. सलीमभाई टॉवेलची घडी करून निघाले. दारात म्हणाले, "वहिनी, कब तक?"

७ नोव्हें., शुक्र.
दुपारी परत तेच. "कोणाचं सूतक हाये, सांग ना मले." या वेळी आवाज रडका होता. अजून दोन दिवस दाढी वाढली तर स्वतःच शोधून काढतील. मग मीच करते म्हटलं. बायकांनी दाढी करू नये असं कुठे लिहिलंय? लिहिलं असेल तर मी वाचलेलं नाही.

सं.चा डबा उघडला. तो गेल्यावर पहिल्यांदाच. ब्रश, स्टीलची वाटी, ब्लेडचं मशीन, क्रीमची ट्यूब. ट्यूब शेपटाकडून गुंडाळत आणलेली, एकही सुरकुती इकडेतिकडे नाही. टूथपेस्ट मी मधूनच दाबते म्हणून लग्नाच्या पहिल्या वर्षी केवढा वाद झाला होता. आज ही शेपटाकडून दाबली. कोणी बघत नव्हतं तरी.

फेस काही झाला नाही. ब्रश बाथरूमच्या नळाखाली धरला, वाटीत गरगरा फिरवला. मोठे मोठे बुडबुडे आले आणि गालाला लावेपर्यंत बसले. खाली नुसतं पांढरट पाणी. त्याच्यावरच मशीन फिरवलं. हनुवटीखाली कापलं, रक्त आलं. बाबांनी डोळे मिटलेले होते, तसेच म्हणाले, "संज्या, लक्ष कोठी हाये तुह्यं?"
मी मागे उभी होते. सं. पण मागेच उभा राहायचा. खिडकीतल्या आरशात बाबांना फक्त त्यांचा गाल आणि मागून येणारा हात दिसतो.
अर्धीच दाढी झाली. अर्ध्या गालावर सूतक.

९ नोव्हें., रवि.
र.ताईंचा फोन, उमरखेडहून. सं.ची मोठी बहीण. सुरुवात बाबांच्या तब्येतीपासून, शेवट माझ्या टिकलीवर.
"लोकं नावं ठेवून राह्यले, वनिता. सांगून टाक बाबाले. किती दिवस नाटक करशीन?"
म्हटलं, "तुम्ही या. तुम्हीच सांगा. आणि सांगितल्यावर इथेच राहा, ते पुन्हा विसरतील, पुन्हा सांगा. रोज सांगा."
तिकडून हुंदका. मग मीच समजूत घातली. ही पण माझीच ड्यूटी.
टिकली मला आवडते की नाही, हे मात्र अजून कोणी विचारलं नाही.

१० नोव्हें.
सापडलं!!
कुकर लावताना कॅनचं पाणी घेत होते. आमच्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ मेली तरी शिजत नाही, किती शिट्ट्या द्या. लग्न होऊन घाटंजीत आल्यावर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी शिकवलं होतं, हे पाणी जड, डाळीला विकतचं नाहीतर नगरपालिकेचं. डाळ ओतता ओतता हात थांबला. ज्या पाण्यात डाळ विरघळत नाही त्यात साबण काय फुगणार?
आणि आठवलं की सं. रोज सकाळी वाटी घेऊन स्वयंपाकघरात यायचा. माझ्या पिण्याच्या पाण्यातून वाटीभर न्यायचा आणि मी ओरडायचे, "बाथरूममध्ये काय पाणी नाही?" तो हसायचा. कारण कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं म्हणा.

१२ नोव्हें., बुध.
आज फेस झाला.
कॅनचं पाणी कोमट केलं. ब्रश आधी त्यात भिजत ठेवला, मग झटकला, पूर्ण कोरडा नाही. बदामाएवढं क्रीम. फिरवत राहायचं, घाई नाही. आधी चिकट होतं, मग दोन थेंब पाणी, मग परत फिरवायचं. पुन्हा थेंब. एकदम पाणी घातलं की ताक होतं. हळूहळू घातलं की दही लागतं. बुडबुडे गेले, चकाकी आली, ब्रश उचलला तर फेसाचं टोक उभं राहिलं.
गरम टॉवेल ठेवला. मग फेस गोल गोल, मग वरून सपाट. बाबांचे खांदे खाली आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.
"आला का रे घरी?"
मी मशीन उचललं.
"गॅरेजात गर्दी हाये का? पांढरकवड्याच्या रोडनं येत नोको जाऊ अंधारात. ट्रकवाले पाहत नाहीत."
आणि माझ्या घशातून आलं, "हं."
सं.चं "हं." अर्धं नाकातून, अर्धं कंटाळ्याचं. माझं नव्हतंच ते. हातातलं मशीन थांबलं. भीती वाटली, खरंच. पण बाबा खूश, बोलतच राहिले, आणि मी हं हं करत राहिले. दाढी संपेपर्यंत घरात तो होता.
नंतर ब्रश धुताना खूप रडले. बाबांना तो भेटला म्हणून नाही. मला भेटला म्हणून.

१५ नोव्हें.
आता रोज. सूतक वगैरे विचारत नाहीत. गाल चोळतात, चहा पितात.
ब्लाउज शिवून द्यायचे राहिलेत, लग्नं तोंडावर. गिऱ्हाइकं दारात उभी राहून टोमणे मारतात. मी आधी फेस करते.
सं.चा निळा शर्ट घालते त्या वेळी. अंगावर पाणी उडतं म्हणून, असं स्वतःला सांगते.
आरशात वर बघत नाही. वर माझंच तोंड असणार, माहीत आहे. तरी नाही बघत.

१८ नोव्हें., मंगळ.
वाटीच्या काठावर ब्रश आपटल्याचा आवाज आला. टक टक, थांबून टक. सं. असाच आपटायचा, फेस जमला की. मी दचकून मागे वळले. मागे कोणी नाही. ब्रश माझ्याच हातात.
कोणाला सांगणार. र.ताईंना सांगितलं तर बाबांच्या आधी मला नागपूरच्या वेड्यांच्या दवाखान्यात नेतील.

२१ नोव्हें.
आज मिशीची कात्री. मिशी म्हणजे बाबांचा जीव. टोकं मी जरा जास्त उडवली तर, "हळू! ते काय गवत हाये का?" मग स्वतःच बोलायला लागले. मिशी दोनदाच काढली म्हणे, बापाच्या दहाव्याला आणि मायच्या. "खाली ओठ थंड पडते. दोन महिने माणसाले तोंड दाखवाले लाज वाटते." असं जुनं त्यांना लख्ख आठवतं.
"आता कोणासाठी काढाची नाही. माह्यासाठीच काढतीन पोट्टे," म्हणाले आणि हसले. मी पण हसले. हसायला नको होतं.

२५ नोव्हें., मंगळ.
ट्यूब संपली. कात्रीने पोट फाडून कडेचं सुद्धा ब्रशने पुसून घेतलं. बाजारातून नवी आणली, तीच कंपनी, तेच खोकं. वास तोच असायला हवा. नाही. किंवा माझंच नाक.
फेस चांगला झाला, उलट कालच्यापेक्षा चांगला. बाबांनी डोळे मिटले. गॅरेज नाही, ट्रकवाले नाहीत. मी आपणहून "हं" म्हटलं.
शेवटी म्हणाले, "तुहा हात हलका हाये. त्याचा जड होता."
मी टॉवेल पुढे केला. त्यांनी घेतला, तोंड पुसलं, आणि पोहे कधी करतेस ते विचारलं.

२८ नोव्हें., शुक्र.
लिहिते, कारण दुसरं काय करू.
फेस लावून झाला. मशीन धुवायला वळले. परत बघते तर बाबांनी गालावरचा फेस बोटाने ओढून मिशीवर घेतला होता. नीट, दोन्हीकडे, टोकापर्यंत.
"हे काढ."
"बाबा, मिशी आहे ती."
"मले मालूम हाये. काढ."
मी विचारलं, "कोणासाठी, बाबा?"
आरशातून माझ्याकडे बघितलं. गालाकडे नाही, हाताकडे नाही. वर, माझ्या तोंडाकडे. इतक्या दिवसांत मी जिथे बघितलं नव्हतं तिथे.
"तुले मालूम हाये. तू सांग."
मी ओल्या टॉवेलने मिशी पुसली. गाल केले. चहा होईपर्यंत ते विसरले. निदान मला तसं वाटलं.

१ डिसें., सोम.
काल आणि आज, दोन्ही दिवस तेच. फेस मिशीवर घेतात आणि वाट बघतात. हट्ट नाही, राग नाही. मी पुसते, ते पुसू देतात.
र.ताईंना फोन केला. सगळं सांगितलं, फक्त "हं" सोडून. मग म्हणाल्या, "बाप लेकासाठी मिशी काढत नसते, वनिता. मोठ्या माणसासाठी काढते. बाबाले त्याहिचा बाप आठवत असन." असेल. मला पण तेच हवंय. पण मग मला "तू सांग" कशाला म्हणाले?
ताई शुक्रवारी येतायत. म्हणाल्या, तोवर काही करू नको.

सांगितलं तर ते पुन्हा विसरतील आणि पुन्हा विचारतील. नाही सांगितलं तर रोज हा फेस. आणि खरं लिहायचं तर, सांगितलं की सकाळचा सं. पण गेला. मग मी कोणाच्या शर्टात उभी राहू? त्याला एकदा नेलं लोकांनी. आता मी नेऊन पोचवायचा?

३ डिसें., बुध.
सकाळपासून गडबड, नवरीचे ब्लाउज न्यायला बाई आल्या, बाबांच्या खोलीत गेले तेव्हा कपाळ तसंच मोकळं. वाटी ठेवल्यावर लक्षात आलं. हात कपाळाकडे गेला, तर बाबा म्हणाले, "राहू दे."
एवढंच.
फेस केला. आजच्यासारखा कधी झाला नव्हता. वाटी उलटी केली असती तरी पडला नसता. गालांना लावला. मिशीवर या वेळी त्यांनी घेतला नाही. मान वर करून बसले, माझा हात लावेल म्हणून.
मी लावला. मिशीवर. मीच.
मग मशीन उचललं आणि म्हटलं, "पाणी गार झालं बाबा, गरम घेऊन येते."
स्वयंपाकघरात उभी राहून हे लिहितेय. कॅनमधलं पाणी गॅसवर ठेवलंय. सं.चा शर्ट काढून खुर्चीवर टाकला. टिकलीचं पाकीट ओट्यावर आहे, हात लावला नाही.
तिकडून हाक आली. मला वाटलं संज्या म्हणतील.
"पोरी, ये लवकर. फेस वाळून राह्यला."
पाण्याला उकळी आली. गॅस बंद केला.