वन्संच्या डब्याचं झाकण

ती. वन्संना,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द शब्दशः घेऊ नये. माझी कंबर धरली आहे. का धरली ते पुढे येईलच, आणि त्यात तुमचा वाटा किती तेही.) तुमचा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला गेला की अजून मुक्कामाला आहे? इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे मी ठीक आहे आणि यंत्र ठीक आहे. तुमच्या बंधुराजांचं सविस्तर कळवते.

तुम्हाला ठाऊकच आहे, त्यांनी सारी नोकरी कारखान्याच्या परिभाषा विभागात काढली. पत्रा दाबला, ताणला, दुमडला, फाटला, तर प्रत्येक वेळी त्याला मराठीत काय म्हणायचं हे ठरवणं त्यांचं काम. खुद्द पत्र्याला हात लावायची वेळ कधी आली नाही, त्यामुळे दोघांचेही संबंध उत्तम होते. मग निरोप समारंभात तुम्ही माईक घेतलात आणि म्हणालात, आमच्या भावाला शब्द हजार येतात, पण पिठाच्या डब्याचं झाकण काही बसवता येत नाही. मंडळी पोट धरधरून हसली. तेही हसले. पुढच्याच आठवड्यात दारात पत्रा वाकवायचं यंत्र उतरलं. ते पाहुण्यांच्या खोलीत बसवलं आहे, म्हणजे तुमच्याच, तेव्हा यापुढे आलात तर झोपायचं कुठे ते तुम्हीच ठरवा.

तुमच्यासाठी पिठाचा डबा करायचा, तोही झाकणासकट, असा संकल्प झाला आणि घरातलं साधं बोलणं संपलं. पत्रा वळवताना कोपऱ्यात थोडा खर्ची पडतो, तो हिशेबात धरावा लागतो. (शिवताना आपण दुमडीला कापड सोडतो, तेच. पण तसं म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो.) त्याचं नाव वाकभत्ता. निवृत्तीनंतर मिळालेला हा एकमेव भत्ता असल्याने त्याचा उल्लेख दोन्ही जेवणांना होतो. कापलेल्या कडेला जी बारीक कुसळं राहतात ती कर्तनशेष. परवा त्यांनीच बोट कापलं, तर औषध मागायच्या आधी मला कर्तनशेषाची व्याख्या ऐकवली. रक्त फरशीवर, व्याख्या तोंडावर. फरशी कुणी पुसली हे सांगायला नकोच.

मग डबा वाकवायचा दिवस आला. या यंत्रात वरून एक आडवा दांडा पत्रा दाबून धरतो आणि खालची फळी तो वर वळवते. बंधुराजांनी एक कोपरा वळवला, दुसरा वळवला, तिसरा वळवला. मी कौतुकाने चहा घेऊन गेले. चौथाही वळवला, आणि डबा त्या दांड्याभोवतीच पुरा झाला. बांगडी हातात जावी तसा, फक्त हाताची दोन्ही टोकं यंत्रातच घट्ट बसवलेली. आता तो निघणार कसा? मग त्यांनी स्वतःच्याच कोशातली नोंद मला तोंडपाठ म्हणून दाखवली: वाकक्रम, म्हणजे कोणता वाक आधी व कोणता नंतर, तो न ठरवल्यास वस्तू यंत्रात अडकते. ही व्याख्या त्यांनी स्वतः लिहिलेली आहे, वन्सं. शुद्धलेखनही स्वतः तपासलेलं. शेवटी दांड्याचं एक टोक सोडवून डबा तिकडून ओढायचा ठरलं, पण ते टोक भिंतीला चिकटलेलं. म्हणून दोघांनी मिळून ते धूड फिरवलं. त्यांनी दिशा सांगितली, मी ढकललं. कंबरेची हकीकत ती ही.

डबा सुटला, बूडही लागलं. राहिलं झाकण. पत्रा काटकोनात वाकवला तरी सोडल्यावर थोडा मागे येतो, याला स्थितिस्थापक प्रत्यागमन म्हणतात. (दाबलं की वाकायचं, सोडलं की आपल्या जागी जायचं, या स्वभावाशी माझा संसार जुना आहे.) त्यामुळे झाकणाच्या कडा फाकल्या. ते डब्यावर बसेना, नुसतं डुगडुगे. त्यांनी एकदा बसवून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि डबा पलंगाखाली सरकवला. ताईला कळवू नकोस, एवढंच म्हणाले. दोन घास कमी जेवले. वन्सं, मला फार वाईट वाटलं. तुमचा रागही आला, तो अजून आहे.

असो. रविवारी ते डबा घेऊन तुमच्याकडे येत आहेत. भावोजींना जपा.

तुमची,
वहिनी

ता. क. झाकण आता बसतं. ते चष्मा दुरुस्त करायला गेले होते तेव्हा मी नवा तुकडा घेतला आणि काटकोनाच्या जरा पुढेच वाकवला, म्हणजे मागे येऊन नेमका जागेवर थांबला. परतल्यावर त्यांनी पाहिलं आणि पत्र्यातले अंतर्गत ताण आपोआप विसावले असं सांगून त्यावर तासभर बोलले. मी मान डोलावली. तेव्हा विनंती एकच. त्यांच्यासमोर झाकण उघडा, लावा, आणि छान बसतं म्हणा. बाकी भाषण नको. माईक तर मुळीच नको.

ता. क. २. यंत्र भंगारात द्या असं तुम्ही सुचवालच. इतक्यात नाही. मला ओट्याखालच्या कप्प्याला दार करायचं आहे.

ता. क. ३ (अक्षर वेगळं दिसेल). ताई, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं होतं. पाकीट नीट चिकटलं नव्हतं. झाकणं न बसणं आपल्या घराण्यातच आहे. ते झाकण हिने केलं हे मला बघताक्षणी कळलं होतं. आपोआप विसावणारा पत्रा अजून कुठल्या कोशात नाही. पण ही इतकी खुशीत होती की तासभर बोलावंच लागलं. रविवारी हीही येते आहे. झाकण छान बसतं हे तिच्याकडे बघून म्हण. माझ्याबद्दल तू बोललीस ते मागे घ्यायला नको, ते खरंच आहे. डबा मात्र माझा आहे. त्यालाही काहीतरी म्हण.