हिरवा चेहरा, लाल चेहरा

२ मार्च, सकाळी.
किर्गिझस्तानातल्या नारिनच्या आमच्या अपंग-निवासात, जिथला मी व्यवस्थापक, आजपासून टॅब्लेट. सेवा चांगली तर हिरवा हसरा चेहरा दाबायचा, वाईट तर लाल रडका. उत्तर थेट राजधानीत, बिश्केकच्या खात्याला. कल्पना माझी. भिंतीवर ठोकलाही मीच, बरोब्बर माझ्या डोळ्यांसमोर येईल असा.
कानिमगुल एजे खूश. एजे म्हणजे ताई; व्हीलचेअरवरची आमची सगळ्यांची थोरली बहीण. तिनं मला अर्धा प्याला चहा ओतला. माणूस हवासा असला की अर्धाच ओततात, म्हणजे तो बसतो, पुन्हा मागतो. गेल्या वर्षी तपासनिसाला तिनं काठोकाठ भरून दिला होता. तो काय ते समजून उठला.

९ मार्च.
आठवड्यात उत्तरं शून्य! सत्तावीस माणसं, एकाचंही बोट उठत नाही. कृतघ्न लेकाचे. जेकशेन बाइकेंना, म्हणजे आमच्या थोरल्या दादांना, झापलं. ते आपल्या खुर्चीचं चाक थोपटत म्हणाले, तुझा पडदा उभ्या माणसांसाठी आहे, आमचा हात पोचेल तर शपथ.
मग आधी सांगायला काय झालं होतं?

११ मार्च.
टॅब्लेट पुन्हा खाली ठोकत बसायला वेळ कुणाला? काढून हातात घेतला आणि खोलीखोली फिरलो. प्रत्येकाच्या उशाशी उभं राहून म्हटलं, लाजू नका, खरं तेच दाबा. सत्तावीसच्या सत्तावीस हिरवे. याला म्हणतात काम!
फक्त एजेनं बोट अधांतरी धरून माझ्या तोंडाकडे बघत वेळ काढला. दाबल्यावर म्हणे, बाबा, न्हाणीच्या पायऱ्यांसाठी यात कुठला चेहरा? दर शनिवारी तिला चौघं उचलून त्या पायऱ्या उतरवतात. जानेवारीत हातातून सुटली, खांदा अजून वर होत नाही. म्हटलं, पायऱ्यांवर खुर्चीसाठी उतार बांधायचा अर्ज वेगळा गेलाय, हे वेगळं. विषय सोडून बोलायची खोडच आहे तिला.

१८ मार्च.
बिश्केकचं पत्र. सर्व रहिवासी पूर्ण समाधानी असल्याने उताराची गरज दिसत नाही, अर्ज निकाली.
गाढवं! खुर्च्या उबवणारी गाढवं! आकडे खोटे आहेत असं खरमरीत उत्तर लिहिलं. खाली सही करताना आठवलं, आकड्यांखालीही माझीच सही आहे. फाडलं.

१९ मार्च, दुपारी.
सगळ्यांना पत्र वाचून दाखवलं. म्हटलं, राग आला असेल तर हा घ्या टॅब्लेट, लाल दाबा. कुणी हात पुढे केला नाही. एजे म्हणाली, दमलास, चहा घे. बरं वाटलं. निदान हिला तरी माझी कदर आहे.
प्याला काठोकाठ भरलेला होता.
म्हातारीचा हात हलला असेल, असं दारापर्यंत स्वतःला सांगत गेलो. बशीत एक थेंबही सांडला नव्हता.