तुम्ही पाळलेला एकच श्रावण

बाबा,

तुमचा धाकटा चादरीवरच्या मुंग्या वेचतोय. एकेक चिमटीत धरतो, निरखून बघतो आणि पलंगाखाली टाकतो. चादर स्वच्छ आहे, मुंगी एकही नाही. मी दोनदा तसं सांगितलं तर माझ्यावरच खेकसला, "तेरेको दिसत नाहीत का यार, ताई? अख्खी लाईन लागली आहे!" नर्स म्हणाली, "दीदी, बहस मत करो. दवा चल रही है. बस पास बैठो, अकेला मत छोड़ना." म्हणून दुपारपासून बसलेय, आणि दवाखान्याच्या एका कागदाच्या कोऱ्या बाजूवर तुम्हाला लिहितेय. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत कधी लिहावंसं वाटलं नाही. आज वाटतंय ते प्रेमानं नाही, चीड आली आहे म्हणून.

झालं असं की चार दिवसांपूर्वी आपला श्रावण लागला. आदल्या दिवशी यानं यथास्थित पिऊन घेतली आणि सकाळी आंघोळ करून बायकोला जाहीर केलं की आजपासून बंद. दहा-बारा वर्षं रोज पिणारा माणूस! तिनं मला आनंदानं फोन केला. मीही खूश झाले, शाळेच्या स्टाफरूममध्ये पेढे द्यायचेच काय ते बाकी होते. दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरायला लागले, घामानं बनियन ओला, पाणीसुद्धा पोटात ठरेना. दवाखान्यात जाऊ म्हटलं तर ऐकेना. "बाबा नाही का दर श्रावणात सोडायचे? एका झटक्यात! मग मेरेको काय धाड भरली आहे?" हे म्हणाला आणि संध्याकाळच्या आत स्वयंपाकघरात झटका येऊन पडला. पोह्यांची ताटली हातात होती, तिच्यासकट.

इथली डॉक्टर माझ्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाची आहे. तिनं दहा मिनिटांत सगळं सांगितलं आणि मी वर्गात फळ्यावरचं उतरवून घ्यावं तसं उतरवून घेतलं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम थांबवलं की पहिल्या दिवशी थरथर, घाम, उलट्या, झोप नाही. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. पुढे काहींना नसलेलं दिसतं, आपण कुठे आहोत ते कळत नाही, ताप चढतो, आणि यात माणूस जाऊसुद्धा शकतो. म्हणून डॉक्टरांच्या नजरेखाली सोडायची, औषधं द्यायची आणि ती औषधंच हळूहळू कमी करायची, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, सलाईन. आठवड्याभरात शरीर बहुतेक सावरतं. "उसके बाद असली काम शुरू होता है, मैम. महीनों का." मी विचारलं, घरी शपथ घेऊन बंद केली तर? ती म्हणाली, "शपथ लीजिए ना. पर यहाँ आकर लीजिए." मला हसू आलं नाही. एवढी साधी गोष्ट, बाबा. आपल्या घरात चार पदवीधर होते आणि एकालाही माहीत नव्हती.

तुमचा हात आठवतो. सरकारी कचेरीत नकाशे काढायचात, घरीही फळी मांडून बसायचात. सकाळी कप बशीवर खडखडायचा. मग तुम्ही नकाशांच्या गुंडाळ्यांच्या कपाटामागे जाऊन यायचात आणि रेघ अशी सरळ यायची की मी मान वाकडी करून बघत राहायचे. आई म्हणायची, चहा पोटात गेला की यांचा हात बसतो. चहा! आजूबाजूच्या हिंदी घरांचा सावन आपल्या आधी पंधरा दिवस लागायचा. जुन्या इंदूरच्या त्या गल्लीत सगळे उपास धरून असायचे आणि तुम्ही ऐटीत सांगायचात, "भिया, तुमचा लागला असेल, आपला अमावस्येनंतर." मग आपला लागला की तुम्ही महिनाभर सोवळे. पाहुण्यांना आई अभिमानानं सांगायची, मनात आणलं की हे सोडू शकतात.

त्या वर्षी मी वीस वर्षांची होते आणि शहाणपण उतू जात होतं. मीच आईला सुचवलं की यंदा शेजाऱ्यांच्या सावनापासूनच धरायला लावू, दीड महिना होईल, सवयच मोडेल. आईनं तुमचा हात देवावर ठेवून शपथ घ्यायला लावली. तुम्ही निमूट घेतलीत, कारण कपाट होतं. पण मी कपाट आवरायला काढलं. नकाशाच्या लांब पुठ्ठ्याच्या नळीत बाटली सापडली, आणि तेव्हा मला कळलं की तुमचे सगळे श्रावण खोटे होते. मी ती तुमच्यासमोर मोरीत ओतली. नळी पुसून जागेवर ठेवली. केवढी विजयी दिसत असेन मी! दुसऱ्या दिवशी तुम्ही भिंतीवर बोटानं रेघा ओढत होतात. "वाकडी जातेय गं. एक घोट दे, हात सावरू दे." मी म्हटलं, "बाबा, नाटकं पुरे." तिसऱ्या दिवशी सकाळी झटके सुरू झाले आणि कृष्णपुऱ्याच्या पुलावर, रिक्षातच, सगळं संपलं. काका म्हणाले, हार्ट सांगा, गल्लीचा सावन चालू आहे, दारूचं नाव नको. आम्ही हार्ट सांगितलं. अकरा वर्षांच्या धाकट्यालाही तेच सांगितलं, आणि वर जोडून दिलं की बाबा मनाचे खंबीर, दर श्रावणात सोडायचे. पोराच्या हाती बापाचं काहीतरी चांगलं राहावं म्हणून. त्यानं ते जपून ठेवलं, आणि परवा त्याच भरवशावर मरायला निघाला.

मला तुमचा राग येतो. एकदा तरी खरं बोलला असतात, की अगं, मी सोडतबिडत नाही, मला जमत नाही. आईचा येतो, काकांचा येतो. स्वतःचा तर विचारूच नका. दाखल करताना डॉक्टरनं विचारलं, घरात आधी कुणाला दारू सोडताना त्रास झाला होता का? मी, आठवीला विज्ञान शिकवणारी बाई, ताठ मानेनं म्हणाले, "नाही. वडील हार्टनं गेले."

मघाशी त्याच्या बायकोला पाच मिनिटं बसवलं आणि डॉक्टरला खरं सांगून आले. तिनं सगळं लिहून घेतलं, रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. परत आले तर तुमचा धाकटा मुंग्या सोडून माझ्याकडे बघत होता. घामेजलेला, पण डोळे ओळखीचे. म्हणाला, "ताई, बाबांना पण असंच व्हायचं का गं? की मीच ढिल्ला?" मी म्हटलं, आधी बरा हो, मग सांगते. पुन्हा डोळे मिटले त्यानं. आता मान खाली घालून लिहितेय, म्हणजे तो जागा झाला तरी मला त्याच्याकडे लगेच बघावं लागणार नाही.

हा कागद त्याला द्यावा असं मनात येऊन गेलं. पण कागद देणं म्हणजे पुन्हा कपाटामागे जाणं. घडी करून पर्समध्ये ठेवतेय. सांगायचं ते तोंडानंच सांगेन, की बाबांनी खरा श्रावण एकच पाळला, तीन दिवसांचा, आणि तो त्यांना मी पाळायला लावला.