डाव्या चाकावरचा पत्रा

प्रिय अण्णा,

वडिलांना 'तीर्थरूप' लिहायचं असतं, एवढं सातवीपर्यंतच्या शाळेतलं मला आठवतंय. पण तसं लिहिलं की रजेचा अर्ज केल्यासारखं वाटतं, म्हणून प्रियच लिहितो. रागावू नका. मी फोन केला की तुम्ही एक शब्द न बोलता तो आईच्या हातात देता. पाकिटावर तुमचं नाव घातलंय, हे तरी तुम्हालाच फोडावं लागेल. तुम्ही राहात्याचं काम उरकून घरी आला असाल आणि अंगणातली व्हॅन बघितली असेल. अण्णा, डाव्या चाकावरचा पोचा गेला! मी काढला. आपल्याच अंगणात, अडीच दिवसांत, ह्याच दोन हातांनी! पत्र येईपर्यंत तोंड उघडायचं नाही अशी आईला शपथ घातली होती. तिच्या पोटात ती किती टिकली हे तुम्हालाच ठाऊक.

चार वर्षांपूर्वी सोनईला तुम्ही बांधलेल्या भिंतीवर मी व्हॅन मागं घेताना घातली, तो दिवस मी एकदाही विसरलो नाही. कानात गाणी होती माझ्या, तुम्ही 'थांब, थांब' ओरडत होता. आवाज झाल्यावर तुम्ही आधी भिंतीवर हात फिरवला. साधा चरा नव्हता. मग गाडीकडं बघितलं, तर घमेलं मावेल एवढा खड्डा. मालक हसला, गडी हसले, आणि तुम्ही म्हणालात, "भिंत वळखती ती कुनाची हाय. पोरगं न्हाई वळखत." मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याच संध्याकाळी फाट्यावरून ट्रक धरला आणि इकडं गुजरातेत गांधीधामला आलो. गवंडीकाम नको, ऊन नको, तुमची फळी नको, असं मनाशी घोकत आलो आणि गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये लागलो. आणि गंमत बघा, इथंही भिंतच निघाली! फक्त पत्र्याची. भिंतीला पुट्टीची लांबी भरतात तशी पत्र्यालाही भरतात, तिच्यात चिमूटभर हार्डनर कालवला की पाच-दहा मिनिटांत दगड होतो. मग पॉलिश पेपरनं घासायचं. बाकीची पोरं बोटांनी घासायची, मी पहिल्याच दिवशी फळीच्या तुकड्याला पेपर गुंडाळला. शेडचे उस्ताद म्हणाले, हे कुणी शिकवलं? बोटं दाबली की खड्डा पडतो म्हणून तुम्ही माझ्या बोटांवर थापी मारायचात ना, ते कसं सांगणार त्यांना!

पण शाबासकी एकच दिवस टिकली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुट्टी व्हायच्या आधी मी काय केलं असेल? भरलेल्या लांबीवर बादलीभर पाणी मारलं. प्लॅस्टरला पाणी मारल्याशिवाय घरी जायचं नाही, हे हाडात बसलेलं. पत्र्याची लांबी पाणी पिते आणि आतून गंज धरतो, हे मला काय माहीत! सगळी खरवडून परत भरावी लागली. शेडमधली माणसं मला वर्षभर 'पाणीवाला' म्हणत होती.

सोनईचं हसू तर अजून संपलं नाही बरं का. मागच्या महिन्यात आई फोनवर म्हणाली, पारावर लोक तुम्हाला डिवचतात, "मिस्त्री, गावाच्या भिंती सरळ करता आन् सोताची गाडी वाकडी?" आणि तुम्ही म्हणता, "ज्यानं पाडलाय त्योच भरंल." अण्णा, ते ऐकल्यापासून माझे हात स्वस्थ बसेनात. राहात्याच्या मालकानं तुमच्यासाठी टेम्पो पाठवला, तुम्ही आठ दिवस तिकडंच मुक्कामी आणि व्हॅन घरीच आहे, असं कळलं आणि त्याच रात्री निघालो. आतून ठोकळा लावून पत्रा हळूहळू बाहेर काढला, गंज खरवडला, लांबी भरली आणि रंग उडवायला हवेचा पंप आणायला पंक्चरवाल्या कानिफनाथाकडं गेलो. परत येऊन बघतो तर काय, व्हॅनच्या अंगाला ओलं पोतं बांधलेलं आणि आई वरून तांब्यानं पाणी घालतेय! म्हणाली, "तुला इसार पडला आसंल, म्हनून म्याच तराई केली." गवंड्याच्या घरात दुसरं काय होणार! मी अंगणात बसून हसलो, ती आधी घाबरली, मग तीही हसली. सगळं खरवडायचं, उन्हात वाळवायचं, परत भरायचं, ह्यात अर्धा दिवस गेला. तिला बोलू नका. रंगाच्या दिवशी धूळ उडू नये म्हणून अंगण भिजवायचं होतं, तेव्हा म्हटलं, आता मार पाणी, हवं तेवढं. तिनं गोठ्यापर्यंत चिखल केला.

रंग जुळवणं सगळ्यात अवघड. तुमच्या व्हॅनचा पांढरा आता पांढरा कुठं राहिलाय, सिमेंट आणि उन्हानं सायीसारखा झालाय. थेंबभर पिवळा, थेंबाचाही निम्मा काळा, असं करत तेलाच्या डब्यावर सात वेळा मारून बघितला. आठव्यांदा जुळला! कानिफ्या म्हणाला, "आरं गोऱ्या, पोचा हुता कुटं त्ये आता तूच दाखव."

रजा संपली म्हणून निघालो, असं आईला सांगितलं. ते खोटं. एक दिवस हातात होता. मी राहात्याला उतरलो. तुमच्या कामासमोरच्या टपरीवर चहा घेतला, दोन घेतले. तुम्ही बांबूच्या पालाडावर होता, एका अंगानं तोंड दिसत होतं. थापी खाली ठेवलीत आणि डोळे मिटून ओल्या प्लॅस्टरवर तळवा फिरवलात, एका जागी थांबलात, परत फिरवलात. उस्ताद म्हणतात, डोळा फसतो, तळवा फसत नाही. मी हसून हो म्हणतो. त्यांच्या आधी मला ते कुणी दाखवलं होतं, हे त्या टपरीवर उभं राहून कळलं. हाक मारायला तोंड उघडलं आणि तुम्ही वळायच्या आत समोरची बस धरली. एवढे बंपर ठोकून सरळ करणारा माणूस मी, पण तेवढं जमलं नाही.

आता पत्र कशासाठी लिहिलं ते सांगतो. पत्रा पुरता सपाट नाही. चाकाच्या कमानीपासून वीतभर वर एक बारीक लाट राहिली आहे. दिसत नाही. आईनं हात फिरवला, कानिफ्यानं फिरवला, दोघांनाही लागली नाही. मला लागते, म्हणजे तुम्हाला लागणारच. रंग मारायच्या आधी तो उरलेला दिवस घातला असता तर ती काढता आली असती. मुद्दाम ठेवून आलो. रंग कडक व्हायला पंधरा दिवस लागतात, मगच तेवढी जागा घासून परत रंगवता येईल, पॉलिशही तेव्हाच. तुम्ही कामावरून येऊन हातपाय धुतले की डोळे मिटून तळवा फिरवा. सापडली की मला फोन लावा आणि चार वर्षांच्या साठलेल्या शिव्या द्या. फोन आईच्या हातात देऊ नका. शेवटी 'घरी ये' म्हणा. ते म्हणवत नसेल तर नुसतं 'लाट हाय' म्हणा, मी समजेन. पिशवी भरून ठेवली आहे.

तुमचाच,
गोरक्ष