गदामिसच्या गच्च्या आणि मी

२ ऑक्टोबर, शुक्रवार
निवृत्त झाल्यापासून माझं कुणी ऐकत नाही, हे खरं नाही. ऐकतात, पण उभ्याउभ्या. जन्मभर लिबियाच्या वाळवंटातल्या या गदामिसच्या पोरांना भूगोल शिकवला, आता जगाला शिकवीन. त्रिपोलीच्या ट्रॅव्हल कंपनीतला नूरी जुन्या गावासाठी कायमचा गाईड शोधतोय. येत्या शुक्रवारी इटालियन ग्रुप माझ्याकडे, पुढच्या शुक्रवारी दुसरा ग्रुप चुलतभाऊ मिफ्ताहकडे. ज्याचं जमेल त्याला काम. बिचारा मिफ्ताह.
संकल्प : रोज थोडं इटालियन. पोट कमी. गावाचा इतिहास सनावळीसकट पाठ.

४ ऑक्टोबर
‘बोंजोर्नो’ येतं हे आज लक्षात आलं. म्हणजे इटालियनची सुरुवात झालेलीच आहे. सनावळ्या मात्र नडतायत. रोमन आले होते हे नक्की. नंतर बरेच जण आले.
सालिमाने बाझीन केलं होतं. मटणाच्या रश्शात जवाचा ऊन गोळा समोर असताना पोट कमी करणं म्हणजे बायकोचा अपमान. पोट सोमवारपासून.

६ ऑक्टोबर
रंगीत तालीम. आमच्या छत घातलेल्या गल्ल्यांत भरदुपारी काळोख. मी डोळे मिटूनही चालू शकतो. चाललो. कपाळाला टेंगूळ. भिंत कुणीतरी लिंपून जाड केलेली दिसते.
सालिमा म्हणाली, पाहुण्यांना गच्चीवरून गाव दाखवा, पण मला बरोबर न्या. आता गल्ल्या पुरुषांच्या आणि गच्च्या बायकांच्या, ही इथली रीत मला मान्य आहे. बायका गच्च्यांवरून अख्खं गाव फिरत, पाय गल्लीला लागत नसे. मिसरूड फुटल्यापासून मीही वर गेलेलो नाही. पण आता सगळे राहतात नव्या वस्तीत, जुन्या घरांत येतात ते शुक्रवारच्या झोपेपुरते. शिवाय गच्ची म्हणजे गल्लीचंच वरचं अंग. भूगोलाच्या मास्तराने बायकोचा पदर धरून हिंडायचं?
म्हणाली, “बरं बाई, नका नेऊ. पण जिना उतरताना खोकत उतरा. घर कुणाचं निघेल सांगता येत नाही.”

९ ऑक्टोबर, शुक्रवार
सकाळ उत्तम. घोडीने टाप मारली आणि गावचा झरा फुटला, ही गोष्ट दुभाष्यामार्फत रंगवून सांगितली. ओर्नेला नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, कधी? मी म्हणालो, सकाळी.
मग गच्ची. पांढरे कठडे, पांढरे कोपरे, पुन्हा पांढरे कठडे. सूर्य नेमका डोक्यावर, त्यामुळे सावलीवरून दिशा काढायचा भूगोलाचा इलाज चालेना. पलीकडे एक बाई मिरच्या वाळवत होती. तिला कसं विचारणार? तिने तोंड फिरवलं, मीही फिरवलं. चार कठडे ओलांडून ठामपणे एक जिना निवडला. खोकलो नाही. स्वतःच्या घरात कोण खोकतं?
खाली तोच तांबड्या नक्षीचा दिवाणखाना, तेच आरसे. म्हणालो, हे माझ्या आजोबांचं घर. ही आईच्या लग्नातली पितळी भांडी. आणि ही आजोबांची गादी. गादी घोरत होती. मग उठून बसली. मिफ्ताह, गंजीफ्रॉकात!
“अरे उस्ताद, आजोबा कधीच गेले, मी जिवंत आहे अजून! निदान खोकायचं तरी!”
इटालियनांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, हा आमच्या लोकजीवनाचा देखावा. एकंदरीत दिवस चांगला गेला. फोटोसाठी मिफ्ताहने मिशा विंचरल्या, हे मात्र अति झालं.

११ ऑक्टोबर
नूरीचा फोन! ग्रुप बेहद्द खूश. म्हणे, असा कार्यक्रम कुठेच नाही. येत्या शुक्रवारी मिफ्ताहचा ग्रुपही मलाच, कंपनीचे मालक स्वतः येणार. तसंच हवं : गच्चीवर चुकायचं आणि झोपलेल्या मिफ्ताहवर उतरायचं. मी म्हणालो, सगळं ठरवूनच केलं होतं. मिफ्ताहने नवा गंजीफ्रॉक आणलाय. सालिमा इतकी हसली की चहाची किटली खाली ठेवावी लागली.

१५ ऑक्टोबर, गुरुवार
चुकण्याची तालीम. मिफ्ताह तिकडे गादीवर डोळे मिटून तयार. मी आमच्या जुन्या घराच्या गच्चीवरून निघालो, कठडे ओलांडले, वळलो, खोकत उतरलो. आमचंच घर. पुन्हा गेलो. आमचंच घर. कितीही बेफिकीर चाललो तरी आमचंच घर, आणि चहा गाळत बसलेली सालिमा.
“जन्मभर वाट चुकलात,” ती म्हणाली, “आणि आता चुका म्हटलं तर सरळ घरी येता होय?”
मिफ्ताह वाट पाहून खरंच झोपला म्हणे. शेवटी सालिमाला म्हणालो, उद्या तू चल पुढे. फक्त उद्यापुरतं.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार
सालिमा पुढे, पाहुणे मागे, मी सगळ्यांत शेवटी. वाटेत तिने प्रत्येक गच्चीची गोष्ट सांगितली, नूरीने भाषांतर केलं : कोण कुणावर रुसलं होतं, कुठल्या कठड्यावर कुणाचं लग्न ठरलं. सनावळी एकही नाही. ओर्नेलाबाईंसारख्याच बाया, पण या डोळे पुसत होत्या. मीही ऐकत राहिलो. मग तिने त्यांना बरोब्बर मिफ्ताहच्या अंगावर उतरवलं.
मालकांनी विचारलं, यातला गाईड कोण? नूरीने सालिमाकडे बोट दाखवलं.
मी खोकलो. कुणी ऐकलं नाही.