कम्प्युटरचं कपाळ

४ सप्टें., गुरु.
महालक्ष्म्या गेल्या, पाहुणे गेले. माझी पाठ अजून पंगतीत वाकलेलीच आहे. आज अंगणवाडीत लेकरं थोडी होती, तरी त्यांची वजनं फोनात भरता भरता दुपार संपली. ॲप मधेच बंद पडतं, पुन्हा पहिल्यापासून.

घरी आले तर तोच विषय. धाकट्या वैशूचं बी.कॉम. झालं. आता हिशोबाचं सॉफ्टवेअर शिकायचंय, नोकरीचे अर्ज भरायचेत, आणि तडकलेल्या फोनवर ते होत नाही. कम्प्युटर घ्यायचा यावर घरात एकमत आहे. कोणता, यावर महाभारत. तिला लॅपटॉप हवा. ह्यांना टेबलावरचा मोठा.

"पिशवीत घालून नेता येतं, ते घराचं कसं व्हईल?" हे म्हणाले.

वैशूला पुण्याला नोकरी करायची आहे हे तिघांनाही ठाऊक आहे. ते बोलायची हिंमत नाही, म्हणून लॅपटॉपवर भांडतोय.

६ सप्टें., शनि.
तिघं वसमतला. एसटीत उभं राहून. रफिकभाईंच्या दुकानात बसायला मिळालं तेवढंच बरं वाटलं.

प्रोसेसर, रॅम, एसएसडी. ह्यांनी ट्रॅक्टर घेताना विचारतात तसं विचारलं, ताकद किती. रफिकभाई माणूस भला. म्हणाले, "दादा, डिस्क म्हंजे तुमची कणगी, रॅम म्हंजे खळं. खळं लहान असलं तर कणगी कितीबी मोठी असू द्या, काम तिथंच अटकतं." ते एकदम पटलं ह्यांना. मग खळं मोठं घ्या म्हणाले.

विंडोज बिनालायसनची टाकून देऊ का, असं हळूच विचारलं त्यांनी. वैशू नको म्हणाली. फुकटातलं दुसरंही एक असतं, चांगलं चालतं, पण त्यावर तिचं हिशोबाचं सॉफ्टवेअर चालणार नाही. म्हणजे असलीच घ्यायची.

मग ह्यांनी मोठ्या मशीनवर हात ठेवून विचारलं, हे हलवता येतं का. रफिकभाईंना वाटलं, गिऱ्हाईक वजनाला भितंय. म्हणाले, "हलवायचं कामच न्हाई दादा. एकदा बसवलं की बसवलं."

ह्यांचा चेहरा असा खुलला की मला हसू आलं. वैशू रस्त्याकडं बघत बसली. घरी विचारून सांगतो म्हणून निघालो. घर तर सगळं दुकानातच होतं.

परवापासून पित्रपाट, पितरांचा पंधरवडा. आता घटस्थापनेपर्यंत नवी वस्तू नाही. म्हणजे तोवर हेच दळण.

११ सप्टें., गुरु.
पाऊस. सोयाबीनमध्ये पाणी. हे चिखलातून येतात, पाय धुतात, आणि वैशूला सांगायचं ते मला सांगतात. ती समोरच बसलेली असते. ती बाबांना सांगायचं ते मला सांगते. मी टपाल.

थोरल्या सुनीचा फोन, सेनगावहून. हसत होती. म्हणाली, "बाबांनी मला तर शिलाई मशीनबी नेऊ दिली होती. वैशूचंच काहून?"

तिला कसं सांगू, की त्यामुळंच. सुनीच्या लग्नानंतर मशीन टेम्पोत चढवली, तेव्हापासून तो कोपरा रिकामा आहे. हे तिथं काही ठेवू देत नाहीत. कम्प्युटरचं टेबल मात्र तिथंच बसवायचं म्हणतात.

१७ सप्टें., बुध.
मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन. लेकरांना बिस्किटं वाटली, अर्धी भिजली.

दुपारी भाकरी करताना वैशू मागं येऊन उभी राहिली. "आई, घेऊ दे त्यांना मोठाच. मला भांडायला न्हाई जमत. शिकायला मोठा पडदा बराच आहे."

सुटले, असं वाटायला हवं होतं. राग आला. तिचा नाही, माझा. ही मान खाली घालायची रीत तिनं कुठून उचलली, ते काय मला माहीत नाही? जन्मभर मीच शिकवली.

२२ सप्टें., सोम. घटस्थापना
घट बसले, कम्प्युटरही बसला. रफिकभाई स्वतः आले. पडदा, डबा, कीबोर्ड, आणि लाइट गेल्यावर चालावा म्हणून यूपीएस. लाइट गेली की ते बोंबलतं. जोडल्या जोडल्याच लाइट गेली आणि शेजारची म्हातारी काय झालं म्हणून धावत आली.

कॅमेरा वेगळा निघाला. पडद्याच्या वर मधोमध चिमट्यानं बसवला, बटणाएवढं गोल भिंग. हा कशाला, ह्यांनी विचारलं. रफिकभाई म्हणाले, आता नोकरीच्या मुलाखती ह्याच्यावरच होतात.

कम्प्युटरच्या रिकाम्या खोक्यात हळकुंडं ठेवू, असं हे म्हणत होते. वैशूनं थर्माकोलसकट माळ्यावर टाकलं. म्हणे, वॉरंटीला लागतं.

२६ सप्टें., शुक्र.
हे शेतातून आले की हात पुसून तिच्या बाजूला बसतात. हळदीचा भाव बघतात, पावसाचे ढग बघतात. काल म्हणाले, "वैशे, आपलं शिवार दिसतं का बघ." दिसलं. वरून. बांधावरची बाभूळसुद्धा. दोघं किती वेळ त्यात. मी भांडी घासत ऐकत होते. असंच राहिलं तर, असं माझ्याही मनात येऊन गेलं. लिहून ठेवते, खोटं कशाला बोलू.

मग ती आत आली आणि कानात म्हणाली, पुण्याहून मेल आलाय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाखत, घरूनच. जेवताना बाबांना तिनंच सांगितलं. "व्हय का," एवढंच म्हणाले. भाकरी अर्धी ठेवून उठले.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
हत्यारांची पूजा. ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, कुऱ्हाड, विळे, माझा अंगणवाडीचा वजनकाटासुद्धा. शेवटी कम्प्युटर. हळद ओली करून ह्यांनी सगळ्यांना बोटं लावली, वर कुंकू, अक्षता, झेंडूची माळ. कम्प्युटरपाशी येऊन थांबले. ह्याचं कपाळ कोणतं म्हणाले. मग स्वतःच पडद्याच्या वर, मधोमध बोट टेकवलं. छान दिसत होतं.

आता दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायचा नाही. पूजेतलं हत्यार उचलायचं नसतं. वैशू म्हणाली, चालेल, मी वहीत वाचते. मी पुरणाला लागले.

३ ऑक्टो., शुक्र.
आजचं लिहूनच ठेवते.

वैशू नवा ड्रेस घालून बसली. तिकडून मुलाखत घेणाऱ्या बाईंचा आवाज आला, चेहरा दिसत नाही, कॅमेरा सुरू करा. ही म्हणते सुरू आहे. त्या म्हणतात, नुसतं पिवळं दिसतंय. हिनं सेटिंग बघितली, परवानग्या बघितल्या, बंद करून चालू केलं. रफिकभाईंना फोन. ते म्हणाले कॅमेऱ्याचा ड्रायव्हर गेला असंल, परत टाक. तो टाकला. तरी पिवळंच. मी दारात उभी. झेंडूची माळ बाजूला झाली आणि मला दिसलं. भिंगावर हळदीचं वाळलेलं बोट, त्यावर कुंकू.

पदरानं पुसलं तर आणखी पसरलं. तोवर तिकडं दुसऱ्याचा नंबर लागला. बघू म्हणाल्या, कळवू.

वैशू आधी हसली. मग टेबलावर डोकं ठेवून रडली.

हे उंबऱ्यात होते. "मला ते कपाळ वाटलं," म्हणाले.



४ ऑक्टो., शनि.
एकच घोळतंय. सुनीशी व्हिडिओवर बोलताना धुरकट दिसलं की हे गमछ्यानं फोनचा कॅमेरा पुसतात. ज्याला ते कळतं, त्याला हे कळलं नाही? पण खंडेनवमीला माणूस कपाळच शोधतो, हेही खरं. मीही बघत होते की, आणि छान दिसतंय म्हणून वर लिहून ठेवलं.

विचारलं नाही. विचारलं, आणि खरं सांगितलं, तर मी काय करू? ह्या माणसाबरोबर मला राहायचंय.

६ ऑक्टो., सोम.
अंगणवाडीतून आले तर हे अंगणात, उजेडाला पाठ करून. मांडीवर कॅमेरा. चष्म्याच्या कापडानं पुसत होते. काडीला कापूस गुंडाळून कडेची हळद काढत होते. मला बघून थांबले नाहीत. कडेला थोडी पिवळी राहिलीच. आमच्या वसमतकडची हळद ती.

वैशूनं त्या बाईंना मेल केला, जे झालं ते खरं खरं लिहिलं. मी म्हटलं, हसतील. ती म्हणाली, हसू दे.

९ ऑक्टो., गुरु.
हसल्या असाव्यात. आज पुन्हा बोलावलं.

सकाळी ह्यांनी शेजाऱ्यांचं मळणीयंत्र थांबवलं. त्यांना काय सांगितलं कोण जाणे. कुत्रं हाकललं. खिडकीखाली बसून राहिले, मी चौकटीला टेकून. वैशू हिंदीत, इंग्रजीत बोलत होती, मला सगळं कळत नव्हतं. मग त्या बाईंनी मराठीत विचारलं, पुण्यात राहायची तयारी आहे का, घरच्यांना चालेल का.

वैशू म्हणाली, "माझी तयारी आहे, मॅडम. घरच्यांना मी अजून नीट विचारलं न्हाई. आज विचारते."

खिडकीखाली ह्यांनी गमछा तोंडाला लावला. ती बाहेर आली तेव्हा हे शेताकडं निघून गेले होते.

रात्री तिनं विचारलं. सरळ, माझ्यामार्फत नाही. हे म्हणाले, "कळू दे आधी." तेवढंच. पण तिच्याकडं बघून म्हणाले.

१२ ऑक्टो., रवि.
मेल नाही. वैशू दिवसभर उघडून बघते. मीही येता-जाता विचारते, तिला वैताग येत असेल. मला स्वतःला काय हवंय, ते आज विचारलं तर सांगता येणार नाही.

संध्याकाळी माळ्यावर खुडबुड. हे खोकं खाली काढत होते. धूळ झटकली. थर्माकोलचे तुकडे जमिनीवर मांडले, कोणता कुठं बसतो ते लावून बघितलं. मग मला म्हणाले, "एसटीच्या डिकीत मावंल का गं हे?"

म्हटलं, अजून तिचं काहीच कळलं नाही.

"न्हाई कळलं. पर मावंल का?"

मावेल म्हटलं. त्यांनी यूपीएसकडं बघितलं. "पुण्यात लाइट जात न्हाई म्हणतेत. बोंबलणारं इथंच राहू दे."

खोकं माळ्यावर परत गेलं नाही. सुनीच्या मशीनच्या कोपऱ्यात, टेबलाखाली ठेवलंय. झाडताना दोनदा पायाला लागलं.